सुट्या भागांचा रथ : घरी बांधलेल्या मोटारीची शंभर वर्षे



मागच्या खेपेला आपण घड्याळाविषयी बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी जिन्यात गाठून विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. मग यंत्रांच्या मागे का लागलाय?" प्रश्न रास्त होता. तेव्हा आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आज त्याचे नीट उत्तर देण्याचा प्रयत्न करू.

आजचा विषय ऐकायला विचित्र वाटेल. घरच्या गॅरेजमध्ये, मोटारसायकलचे इंजिन बसवून, स्वतःच्या हातांनी मोटारगाडी बांधणे. हा इंग्लंडमधला एक जुना छंद आहे, आणि त्याचा इतिहास शंभर वर्षांहून मोठा आहे. या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. सुटे भाग एकत्र आले की त्यांची 'गाडी' नेमकी कधी होते? आणि ती झाली की तिची जबाबदारी कोणाची? पहिला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. दुसऱ्याकडे मात्र आपण तत्त्वज्ञानवाल्यांनी फारसे लक्ष दिले नाही.

हा विषय आम्हाला पुस्तकात सापडला नाही. 2004 च्या उन्हाळ्यात आम्ही आणि सौ. लेस्टरला पुतण्याकडे दीड महिना राहिलो होतो. तो नोकरीने इंजिनिअर. घरामागच्या गॅरेजमध्ये त्याने लोखंडी चौकोनी नळ्यांचा एक सांगाडा उभा केला होता. शेजारी एका टेबलावर अपघातात सापडलेल्या यामाहा आर-वन मोटारसायकलचे इंजिन ठेवले होते. आम्ही तेव्हा ज्ञानमीमांसा शिकवत होतो, चांगली वीस-पंचवीस वर्षे झाली होती. आणि पुतण्या आम्हाला सांगत होता, "काका, तुम्ही काही करू नका, फक्त हा नट पान्याने धरून ठेवा." तेही आम्हाला धड जमत नव्हते. त्या गॅरेजमध्ये आम्ही जे पाहिले, त्याची पार्श्वभूमी समजून घ्यायला पुढे बरीच वर्षे गेली.

तर सुरुवातीपासून सुरुवात करू.

स्वस्त गाडीची पहिली लाट

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटार ही श्रीमंतांची वस्तू होती. मोटारसायकल मात्र मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली होती, आणि तिची इंजिने हलकी, साधी, सुटी विकत मिळणारी होती. साहजिकच काही लोकांच्या मनात आले की हे इंजिन घेऊन तीन-चार चाकांचे काही करता येईल का?

1909 साली इंग्लंडमधल्या मॅल्व्हर्न इथल्या एच. एफ. एस. मॉर्गन या तरुण गॅरेजवाल्याने हे केले. त्याच्याकडे प्यूजोचे दोन सिलिंडरचे इंजिन होते. ते घेऊन त्याने तीन चाकांची हलकी गाडी बांधली. त्यात त्याला मॅल्व्हर्न कॉलेजमधले यंत्रशाळेचे शिक्षक स्टीफन्सन-पीच यांची मदत झाली. 1910 च्या अखेरीस लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात ही गाडी मांडली गेली. लक्षात घ्या, ते प्रदर्शन मोटारसायकलींचे होते. म्हणजे ही वस्तू मोटार की मोटारसायकल, हा गोंधळ पहिल्या दिवसापासूनच आहे.

त्याच सुमारास गॉडफ्रे आणि फ्रेझर-नॅश या दोन तरुणांनी हेंडनला घरच्या तबेल्यात अशीच गाडी बांधली. दोघांच्या आडनावांवरून तिचे नाव पडले जी. एन. हा प्रकार इतका पसरला की 1912 मध्ये त्याला 'सायकलकार' असे नाव मिळाले. आंतरराष्ट्रीय पातळीवर व्याख्याही ठरली, इंजिन 1100 घनसेंटिमीटरपर्यंत आणि वजन 350 किलोपर्यंत. त्याच वर्षी या विषयाला वाहिलेले एक साप्ताहिकही निघाले.

या गाड्यांत पट्टे होते, साखळ्या होत्या, काहींचे स्टिअरिंग तर तारेवर चाले. मग 1922 मध्ये ऑस्टिन सेव्हन आली. लहान, पण पुरती मोटार. चार सिलिंडर, चारही चाकांना ब्रेक, आणि कुटुंबाला परवडेल अशी किंमत. सायकलकारची लाट काही वर्षांतच ओसरली.

आपल्या कथेत मात्र ऑस्टिन सेव्हनचे काम इथे संपत नाही. ती लाखोंच्या घरात खपली. पुढे जुनी झाली, भंगारात गेली. आणि ही भंगारातली ऑस्टिन सेव्हन हा घरी गाडी बांधणाऱ्यांच्या पुढच्या पिढीचा कच्चा माल ठरला. 1939 मध्ये या गाडीच्या चाहत्यांनी '750 क्लब' काढला. हा आकडा तिच्या इंजिनावरून आला. ते 747 घनसेंटिमीटरचे होते.

साखळी लहान पडली, म्हणून

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर होते, पोलाद मिळत नव्हते, पैसा नव्हता. पण युद्धात विमानांच्या कारखान्यांत काम केलेले कुशल हात होते, आणि शर्यतीची हौस होती. ब्रिस्टलच्या काही हौशी मंडळींनी एक कल्पना मांडली. 500 घनसेंटिमीटरच्या मोटारसायकल इंजिनावर चालणाऱ्या छोट्या शर्यतीच्या गाड्या बांधायच्या. ज्याला परवडेल त्याने आपापल्या शेडमध्ये बांधावी.

1946 मध्ये सर्बिटनच्या चार्ल्स कूपर आणि जॉन कूपर या बापलेकांनी अशी एक गाडी बांधली. त्यांनी काय केलं बघा. फियाट टोपोलिनो नावाची छोटी इटालियन गाडी होती. तिच्या पुढच्या चाकांची स्प्रिंगसकट जोडणी चांगली होती. त्यांनी अशा दोन गाड्यांचे पुढचे भाग घेतले आणि पाठीला पाठ लावून जोडले. म्हणजे गाडीला दोन्हीकडे पुढचीच बाजू! आणि इंजिन जॅप कंपनीचे, मोटारसायकल शर्यतीतले, एका सिलिंडरचे.

आता प्रश्न आला, इंजिन कुठे ठेवायचे? शर्यतीच्या बहुतेक गाड्यांत ते चालकाच्या पुढे असे. पण मोटारसायकलचे इंजिन चाकाला साखळीने शक्ती देते, आणि साखळी लांब झाली की झोल खाते, तुटते. म्हणून इंजिन मागच्या चाकांजवळ, चालकाच्या पाठीमागे आले. यात कोणताही थोर सिद्धान्त नव्हता. ही साखळीची अडचण होती.

पण परिणाम मोठा झाला. गाडी हलकी होती, वळणावर चपळ होती. 1948 मध्ये स्टर्लिंग मॉस नावाच्या एका तरुणाने कूपर 500 घेऊन आपली कारकीर्द सुरू केली. 1950 मध्ये या गाड्यांच्या वर्गाला 'फॉर्म्युला थ्री' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. कूपर बापलेकांनी तीच मांडणी मोठ्या इंजिनांसाठी वापरली. 1958 मध्ये अर्जेंटिनाची ग्रां प्री मॉसने मागे इंजिन असलेल्या कूपरमधून जिंकली. 1959 आणि 1960 अशी सलग दोन वर्षे जॅक ब्रॅबहॅम कूपरमधून विश्वविजेता झाला. त्यानंतर काही वर्षांतच ग्रां प्रीच्या सगळ्या गाड्यांची इंजिने मागे गेली. ती आजही मागेच आहेत.

आम्ही हे विस्ताराने सांगतोय कारण शोध कसे लागतात याविषयी आपल्या डोक्यात एक चित्र असते. आधी तत्त्व, मग उपयोजन. इथे उलटे झाले. एका वस्तूसाठी बनलेला भाग दुसऱ्या वस्तूत बसवताना जी अडचण आली, तिने नवी मांडणी जन्माला घातली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचीच दुसरी बाजू येणार आहे.

कर, नागसेन आणि सेव्हन

1940 पासून ब्रिटनमध्ये 'पर्चेस टॅक्स' नावाचा विक्रीकर होता. मोटारींवर तो जबर असे. 1955 च्या ऑक्टोबरात तो घाऊक किमतीच्या 60 टक्क्यांवर गेला. मात्र हा कर तयार गाडीवर होता. सुटे भाग घेऊन माणसाने स्वतःच गाडी जोडली, तर तो लागत नसे.

इथे कॉलिन चॅपमन येतात. 1948 च्या सुमारास, विद्यार्थी असतानाच, त्यांनी आपल्या मैत्रिणीच्या वडिलांच्या लंडनमधल्या गॅरेजमध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून पहिली गाडी बांधली होती. ती मैत्रीण पुढे त्यांची पत्नी आणि व्यवसायातली भागीदार झाली. 1957 मध्ये त्यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची गाडी आणली. पातळ नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, दोन बसायच्या जागा, दार नाही. आणि ती सुट्या भागांच्या पेट्यांतून घरी येई.

असं सांगतात की करखात्याच्या नियमांमुळे सोबत 'गाडी कशी जोडावी' याची पुस्तिका देता येत नव्हती. मग कंपनीने 'गाडी कशी सुटी करावी' याची पुस्तिका दिली. ती उलटीकडून वाचायची! गोष्टीला थोडं मीठमसाला लागलेलं असेल, पण ती त्या काळाच्या स्वभावाला धरून आहे.

आता बघा, करखात्यापुढे उभा राहिलेला प्रश्न आपल्याकडे बावीसशे वर्षांपूर्वीच्या एका राजाच्या नावाने प्रसिद्ध आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, महाराज, आपण रथातून आलात. मग रथ दाखवा. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? दांडी, जू, लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग या सगळ्यांची बेरीज म्हणजे रथ का? तेही नाही. यांच्यावाचून वेगळा रथ आहे का? तोही नाही. शेवटी राजाच कबूल करतो की हे सगळे भाग असताना 'रथ' हे व्यवहारातले नाव वापरले जाते, इतकेच.

आम्ही हा संवाद वर्गात अनेक वर्षे शिकवला. मुले मान डोलवीत. त्यांना वाटे, प्राचीन माणसांना वेळ फार होता. पण 1957 चे ब्रिटिश करखाते याच प्रश्नाशी झुंजत होते, आणि त्यावर रोख रक्कम अवलंबून होती. पेट्यांत चारही चाके आहेत, इंजिन आहे, सांगाडा आहे, स्टिअरिंग आहे. गाडी आहे का? नाही, कर लागत नाही. ग्राहकाने शनिवार-रविवार खपून बोल्ट आवळले. आता गाडी आहे का? आहे. मग ती कोणी बनवली? ग्राहकाने. कंपनीने फक्त भाग विकले.

ही पळवाट 1 एप्रिल 1973 ला अरुंद झाली. त्या दिवशी पर्चेस टॅक्स गेला आणि मूल्यवर्धित कर आला, तो सुट्या भागांनाही लागू झाला. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम कार्सला देऊन टाकले. केटरहॅम ती अजून बनवते. सुटे भाग घेऊन घरी जोडायची सोयही अजून आहे. म्हणजे कराचा फायदा आटला तरी घरी बांधणारे संपले नाहीत. त्यांना फक्त पैसे वाचवायचे नव्हते, हे त्यावरून दिसते.

अडीचशे पौंडांचे पुस्तक

1996 मध्ये रॉन चॅम्पियन यांचे एक पुस्तक हेन्स प्रकाशनाने काढले. शीर्षकातच दावा होता की अवघ्या 250 पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा. चॅम्पियन औंडल इथल्या शाळेत शिकवत. पुस्तकात काय होतं? नळ्या कापायच्या मापांची यादी, साधारण इंचभर चौकोनी पोलादी नळी, वेल्डिंगचे सांधे, आणि बाकीचे सगळे भाग एका जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून काढायचे. रूप सेव्हनसारखे. या गाड्यांना 'लोकॉस्ट' हे नाव पडले. 750 क्लबने त्यांच्या शर्यतीही सुरू केल्या.

आमच्या पुतण्याकडे या पुस्तकाची प्रत होती. पाने ग्रीसने माखलेली. कोण्या दासबोधाच्या पोथीला हळद-कुंकू लागलेले असते ना, तसे.

योगायोग असा की त्याच दशकात मोटारसायकलच्या इंजिनांनी मोठी उडी घेतली. 1992 मध्ये होंडाची फायरब्लेड आली, 893 घनसेंटिमीटरची. 1998 मध्ये यामाहाची आर-वन, 998 घनसेंटिमीटर आणि सुमारे 150 अश्वशक्ती. 1999 मध्ये सुझुकीची हायाबुसा. अशी मोटारसायकल अपघातात मोडली की विमा कंपनी ती भंगारात काढी आणि इंजिन सुटे मिळे. एस्कॉर्टच्या जुन्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त ताकद, वजन बरेच कमी, आणि सहा गिअरची पेटी त्याच कवचात. हलकी लोकॉस्ट आणि हे इंजिन यांची गाठ पडणारच होती. 1997 मध्ये पीटरबरोला रॅडिकल नावाची कंपनी निघाली, तिने तर अशाच इंजिनांवर शर्यतीच्या गाड्या बांधून नाव कमावले.

पण या जोडणीत अडचणींची रांगच होती. मोटारसायकलला रिव्हर्स गिअर नसतो. ब्रिटिश नियमांप्रमाणे, दोनपेक्षा जास्त चाकांच्या वाहनाचे रिकामे वजन 410 किलोपेक्षा जास्त असेल तर त्याला मागे जाण्याची सोय हवी. मग कोणी वेगळी रिव्हर्सची पेटी लावी, कोणी विजेची मोटर, आणि कोणी पत्रे खरवडून वजन 410 च्या आत आणायला बघे. क्लच दोनशे किलोच्या मोटारसायकलसाठी बनलेला, तो पाचशे किलो ओढताना लवकर जळे. साखळीचे चाक काढून तिथे फ्लँज बसवावी लागे, आणि इंजिन आडवे असते ते काटकोनात फिरवून उभे ठेवावे लागे, म्हणजे त्याचा शाफ्ट मागच्या डिफरेन्शियलपर्यंत नेता येई.

या अडचणी डोळ्यांना दिसतात. न दिसणारी एक होती. तिच्यासाठी आम्ही हे सगळे सांगत आलो.

तेल

पाण्याने भरलेली बादली हातात धरून जोरात गोल फिरवा. पाणी सांडत नाही. कारण बादली स्वतः तिरपी होते आणि पाणी तळाशीच दाबलेले राहते. मोटारसायकल वळणावर झुकते, तेव्हा नेमके हेच होते. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधले तेल तळाशीच राहते, आणि तेल खेचणारी नळी तेलातच बुडालेली राहते.

आता एसटीत मांडीवर डबा सपाट धरून बसा आणि गाडी घाटाच्या वळणावर जाऊ द्या. आमटी एका बाजूला चढते. मोटार झुकत नाही, सपाटच वळते. हलक्या, चिकट टायरच्या गाडीत बाजूला ढकलणारा जोर जवळजवळ गाडीच्या वजनाइतका होतो. तसे झाले की तेलाचा पृष्ठभाग 45 अंशांत तिरपा होतो. तेल भिंतीवर चढते, नळी उघडी पडते, आणि पंप तेलाऐवजी हवा खेचतो. मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेणाऱ्या क्रँकच्या बेअरिंगना तेल मिळाले नाही, तर काही सेकंदही पुरतात.

म्हणजे काय, तर ते इंजिन मोटारसायकलमधून बाहेर काढले तरी 'आपण वळताना झुकणार' हे गृहीतक त्याच्या पोटात तसेच राहिले. ते कुठे लिहिलेले नाही. चेंबरच्या आकारात, नळीच्या जागेत ते दडलेले आहे. जपानमधल्या ज्या इंजिनिअरने ते रेखाटले, त्याला ते लिहिण्याची गरजच नव्हती. मोटारसायकल झुकतेच.

यावर उपाय आहेत. चेंबरमध्ये पत्र्याचे आडोसे बसवायचे, म्हणजे तेल एकदम सरकत नाही. किंवा तेल वेगळ्या टाकीत ठेवून जास्तीच्या पंपाने खेळते ठेवायचे. पुतण्याला हे ठाऊक होते. त्याने वाचले होते, आम्हाला चहाच्या टेबलावर कागदावर काढूनही दाखवले होते. पण आडोसे बसवायचे तर इंजिन पुन्हा खाली उतरवावे लागणार होते, आणि सुट्टी संपत आली होती. "आधी एकदा चालवून बघू, हिवाळ्यात बसवू," असे ठरले.

सप्टेंबरात आम्ही पुण्याला परतलो. पुढच्या वसंतात त्याचा फोन आला. सरावाच्या दिवशी एका लांबलचक उजव्या वळणावर तेलाचा दिवा लुकलुकला. त्याने पाय काढेपर्यंत खडखड सुरू झाली, आणि कनेक्टिंग रॉड इंजिनाचे कवच फोडून बाहेर आला. गरम तेल रस्त्यावर सांडले. मागून येणारी गाडी त्यावर घसरली, दोनदा गरगर फिरली आणि गवतात थांबली. कोणाला खरचटलेही नाही. पण त्या गाडीत एक मुलगा वडिलांच्या शेजारी बसला होता.

पुतण्या म्हणाला, "काका, मला इंजिनाचं काही वाटत नाही. मला कळत नाहीये की मी कोणाकडे बोट दाखवू. गाडी मी बांधली. इंजिन मी निवडलं. ते आडोसे लावायचे आहेत हे मला माहीत होतं."

गिल्बर्ट राइल यांनी 1949 च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात 'अमुक आहे हे माहीत असणे' आणि 'अमुक करता येणे' यांत फरक केला. आम्ही तो शिकवत आलो. पण पुतण्याच्या बाबतीत दोन्ही होते. त्याला माहीत होते, आणि करताही येत होते. तरी झाले नाही. राइलच्या दोन रकान्यांत न बसणारे असे काही उरते. माहीत असलेल्या गोष्टीला स्वतःला बांधून घेणे, असे आम्ही त्याला म्हणू. कारखान्यात हे काम एका माणसावर सोपवलेले नसते. तिथे तपासणारा वेगळा, सही करणारा वेगळा. घरच्या गॅरेजमध्ये रेखाटणारा, जोडणारा, तपासणारा आणि चालवणारा एकच असतो. आणि तो शनिवारी संध्याकाळी दमलेला असतो.

क्यू अक्षर आणि आठ गुण

ब्रिटिश सरकारने हा प्रश्न सोडून दिला नाही, आणि छंदही बंद केला नाही. 1998 पासून हौशी बांधणाऱ्याच्या प्रत्येक गाडीला रस्त्यावर येण्याआधी स्वतंत्र तपासणी आवश्यक झाली. 2009 मध्ये तिची जागा अधिक सविस्तर तपासणीने घेतली. ब्रेक, दिवे, पट्ट्यांचे खिळे, धूर, आवाज, इतकेच काय, बाहेर आलेल्या कडांची गोलाई 2.5 मिलिमीटर आहे की नाही हेही बघतात. पादचाऱ्याला धक्का लागला तर कातडे फाटू नये, म्हणून.

नोंदणीचाही प्रश्न होता. गाडीचे वय काय, जन्म कुठला? ज्या वाहनाचे वय वा मूळ सांगता येत नाही, त्याच्या क्रमांकाला 1983 पासून 'क्यू' हे अक्षर मिळते. आणि मोठे फेरफार केलेल्या जुन्या गाडीने आपली मूळ ओळख टिकवली की नाही, हे ठरवायला गुणांचा एक तक्ता अनेक वर्षे वापरात राहिला. मूळ सांगाड्याला 5 गुण. सस्पेन्शन, आस, गिअरपेटी आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी 2. इंजिनाला 1. आठ गुण भरले तर गाडी तीच, नाहीतर नवी.

नागसेनांना हा तक्ता दाखवायला हवा होता! पण थट्टा बाजूला ठेवू. हा तक्ता नागसेनांच्या विरोधात जात नाही. 'गाडी' हे व्यवहारातले नाव आहे, हेच तो मान्य करतो. फक्त व्यवहार करायचा तर कोणीतरी रेघ ओढावी लागते, आणि ती कुठे ओढली हे सगळ्यांना आधी कळले पाहिजे, एवढी भर तो घालतो.

आणि आपल्याकडे

2021 च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिराची बातमी आपण सगळ्यांनी पाहिली असेल. त्याने जुन्या वाहनांच्या सुट्या भागांतून, सुमारे साठ हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी चारचाकी बांधली होती. आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक केले, आणि त्याच दमात सांगितले की ही गाडी नियमांत बसत नाही, कधी ना कधी ती अडवली जाईल. त्यांनी बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि 2022 च्या जानेवारीत ती दिलीही. घरच्या मंडळींना सुरक्षित गाडी मिळाली, हे चांगलेच झाले. त्यात खोट काढायची नाही.

पण ती बातमी वाचताना आम्हाला मॅल्व्हर्नचा मॉर्गन आठवला. आपल्या नियमांची रचना अशी आहे की वाहनाचा नमुना उत्पादकाने मान्यताप्राप्त तपासणी संस्थेकडे द्यायचा. आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांत मालकाने बदल करायचा नाही. दोन्ही नियमांच्या मुळाशी सुरक्षिततेची काळजी आहे, आणि तेल सांडलेल्या त्या वळणाची गोष्ट सांगून झाल्यावर आम्ही तिला हसणार नाही. मात्र या रचनेत उत्पादक आहे आणि मालक आहे. जो माणूस एकच गाडी बांधतो आणि स्वतःच चालवतो, त्याच्यासाठी इंग्लंडसारखा साधा, परवडणारा तपासणीचा रस्ता नाही. म्हणून त्याच्या वाट्याला कौतुक येते किंवा कारवाई येते. 'इथे तुझी कड धारदार आहे, ती घासून पुढच्या महिन्यात ये' असे त्याला कोणी सांगत नाही.

एक जागा मात्र आहे. 1981 मध्ये अमेरिकेत, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात, 'फॉर्म्युला एसएई' नावाची विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू झाली. 1998 मध्ये ती 'फॉर्म्युला स्टुडंट' म्हणून ब्रिटनमध्ये गेली, आणि पुढे भारतातही तशा स्पर्धा आल्या. इंजिनिअरिंगच्या मुलांनी एका आसनाची गाडी स्वतः रेखाटून बांधायची. पेट्रोल इंजिन जास्तीत जास्त 710 घनसेंटिमीटरचे, आणि हवा आत येण्याची वाट फक्त 20 मिलिमीटरच्या छिद्रातून. साहजिकच मुले मोटारसायकलचे इंजिन निवडतात. आपल्याकडच्या अनेक चमूंचे लाडके इंजिन म्हणजे केटीएम 390 चे, आपल्या चाकणला बनणारे. पुण्यातल्या एखाद्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये रात्री अकरा वाजता गेलात तर हीच मुले तेलाच्या चेंबरमध्ये आडोसे बसवताना दिसतील. आणि स्पर्धेत धावायच्या आधी परीक्षक गाडी तपासतात. नापास झाली तर कारण सांगतात. मुले रात्रभर जागून दुरुस्त करतात आणि पुन्हा रांगेत उभी राहतात.

आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की ही रांग कॉलेजच्या कुंपणाबाहेरही असावी. सांगलीच्या त्या कारागिरासाठीही असावी.

श्रोत्यांचे प्रश्न

*एका श्रोत्याने विचारले की, नियम सैल केले तर रस्त्यावर जुगाड गाड्यांचा सुळसुळाट होणार नाही का?*

आम्ही नियम सैल करा म्हणत नाही. तपासणी कडकच हवी. ब्रिटनमध्येही तपासणी आल्यावर छंद बुडेल अशी भीती घालणारे होते. तो बुडाला नाही. आज जुगाड गाड्या रस्त्यावर आहेतच, त्या फक्त तपासणीशिवाय आहेत.

*दुसऱ्या श्रोत्यांचा प्रश्न : पुतण्याच्या गाडीचे पुढे काय झाले?*

हा प्रश्न येणार, हे सौ. नी निघतानाच सांगितले होते. दोन वर्षे ती ताडपत्रीखाली होती. तो गॅरेजमध्ये पाऊलही टाकत नव्हता. मग त्याने दुसरे इंजिन आणले, आणि ते बसवण्याआधी पालथे ठेवून चेंबर उघडले. आडोसे त्याने स्वतः कापले. त्यानंतर त्याच सरावाच्या मैदानावर त्या बाप-लेकाला शोधून काढले आणि झाकण उघडून आतले दाखवले. त्या मुलाने म्हणे पुष्कळ प्रश्न विचारले. तेल नेमके किती तिरपे होते, तेवढे मात्र पुतण्याला पुन्हा कागदावर काढून दाखवावे लागले.

आम्ही पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्याने आम्हाला त्यात बसवून गल्लीत एक चक्कर मारली. दार नसल्यामुळे आम्हाला आत उतरवायला दोन माणसे लागली. नट अजूनही आम्हाला नीट धरता येत नाही.